कच्च्या वाटेआधी

(प्रस्तावना)

आज आपल्याकडच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एसयूव्ही म्हणून जी गाडी उभी असते, तिच्या पोटाखाली बहुतेक वेळा चासी नसते. क्रेटा, सेल्टोस, हॅरियर, ग्रँड विटारा, एक्सयूव्ही 700, जीप कंपास आणि मालकांनी अजून जिवापाड सांभाळलेली जुनी डस्टर, या सगळ्या मोनोकॉक बांधणीच्या. थार, स्कॉर्पिओ, बोलेरो, जिम्नी, फॉर्च्युनर यांची जात वेगळी. तिथे खाली लोखंडी चासी आणि तिच्यावर बॉडी बसवलेली. ऑफरोडिंगबद्दल आपल्याकडे जे सांगितलं आणि शिकवलं जातं, ते जवळजवळ सगळं या दुसऱ्या जातीसाठी. त्यामुळे मोनोकॉक गाडीचा मालक कुठल्या तरी एका टोकाला जातो. एक तर डांबर संपलं की मागे फिरतो, नाहीतर थारला जे जे लावतात ते ते आपल्या गाडीला लावून घेतो. पहिल्याचं थोडंसं हुकतं. दुसऱ्याचे पैसे जातात, आणि बऱ्याचदा गाडीही बिघडते.

हे पुस्तक कंपनीतून आली तशीच गाडी वापरणाऱ्या, पहिल्यांदाच कच्च्या वाटेला लागणाऱ्या माणसासाठी आहे. वाट म्हणजे कुठली तेही आधीच ठरवून टाकू. किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीपर्यंत जाणारा मुरमाचा रस्ता, धरणाच्या पाण्याकडे उतरणारी गाडीवाट, शेतावरची पाणंद, गावाबाहेरचा जुना खडीचा घाट. ट्रॅक्टर रोज जातो, सुटे दगड मुठीएवढे आहेत, ओढ्याचं पाणी पोटरीच्या आत आहे आणि चढ हात न टेकता पायी चढता येतो, अशी वाट. याच्या पलीकडचं इथे काही नाही, कारण त्यापलीकडे या गाड्यांनी जावं असं मला वाटत नाही.

मोनोकॉक म्हणजे नाजूक, हा समज मात्र आधी काढून टाकायला हवा. चासीच्या गाडीत सगळा भार दोन जाड लोखंडी तुळयांवर असतो. बॉडी ही वरची खोली. मोनोकॉकमध्ये तळाचा पत्रा, दारांखालचे उंबरे, खांब आणि छप्पर मिळून भार वाहतात. बुरुडाने विणलेल्या टोपलीत जसं एकटी कामटी काहीच पेलत नाही पण टोपली मणभर धान्य पेलते, तसं. ही कल्पना नवी नाही. लान्चियाने 1922 मध्ये लॅम्ब्डा या गाडीत ती आणली. रशियात 1977 पासून निघालेली लाडा निवा मोनोकॉकच होती, आणि बर्फ-चिखलातलं तिचं नाव आजही आहे. अमेरिकेत जीपने 1984 ची चेरोकी याच पद्धतीने बांधली. ऑफरोडिंगवाल्यांचं त्या गाडीवरचं प्रेम अजून आटलेलं नाही. आणि 2019 मध्ये लँड रोव्हरने नवी डिफेंडर दाखवली तेव्हा जुनी चासी सोडून तिला ॲल्युमिनियमची मोनोकॉक बॉडी दिली. म्हणजे दोष बांधणीचा नाही. निवा आणि चेरोकीकडे लो रेंजचा, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा, गिअर होता, डिफेंडरकडेही आहे. आपल्या गाड्यांकडे तो नाही. शिवाय आपल्या गाड्यांचे हूक, टायर, बुश आणि चेंबर हे सगळं शहरातला खड्डा आणि गावाकडचा स्पीडब्रेकर गृहीत धरून केलेलं असतं.

म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणात मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे: इथे जो जोर येणार आहे, तो गाडीच्या कुठल्या भागातून जाणार, आणि तो भाग तेवढ्या जोरासाठी केलेला आहे का? चासीच्या गाडीत चुकीच्या जागी आलेला जोर बऱ्याचदा चासी गिळून टाकते. मोनोकॉकमध्ये तो पत्र्यात जातो, आणि दुमडलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तयारीत काय घ्यायचं, काय नाही, आधी काय, नंतर काय, हे या एका प्रश्नावर ठरतं.

हूकचंच बघा. गाडी अडकली की दोर लावायचा आणि ओढायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मोनोकॉक गाडीच्या पुढच्या बंपरवर एक लहानसं चौकोनी किंवा गोल झाकण असतं. ते काढलं की आत आटे दिसतात. डिकीत स्टेपनीजवळ, जॅक आणि पान्ह्याच्या पिशवीत जो लोखंडी डोळा असतो, तो तिथे बसतो. बऱ्याच गाड्यांत हे आटे उलटे असतात, म्हणजे डावीकडे फिरवून आवळायचे. अंधारात, चिखलात, घाईत माणूस नेहमीसारखा उजवीकडे फिरवत राहतो आणि डोळा बसतच नाही म्हणून हैराण होतो. हे घरी, दुपारच्या उजेडात एकदा करून बघावं. हाताने शेवटपर्यंत फिरवावा आणि मग चाकाच्या पान्ह्याने घट्ट आवळावा. दोन आटे जरी बाहेर राहिले तरी जोर तिरका येऊन तो वाकतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. हा डोळा सपाट रस्त्यावर बंद पडलेली गाडी सावकाश ओढून न्यायला दिलेला असतो. चाकं चिखलात अर्धी रुतली असतील तर गाडी सुटायला तिच्या वजनापेक्षाही जास्त जोर लागू शकतो. त्यात रबरासारखा ताणणारा स्नॅच पट्टा लावून समोरच्या गाडीने धाव घेतली, तर डोळा किंवा त्याच्या मागचा पत्रा निघून येतो, आणि ते लोखंड बंदुकीच्या गोळीच्या वेगाने काचेतून आत शिरतं. गाडीखाली दिसणाऱ्या इतर कड्या तर ट्रेलरवर गाडी बांधायला असतात. त्यांना दोर लावूच नये. आगीतून फुफाट्यात जाण्याची ही सगळ्यात हमखास वाट आहे. म्हणून मोनोकॉक गाडीच्या सामानात मी पहिलं नाव फावड्याचं लिहीन, दुसरं चाकाखाली घालायच्या दातेरी पट्ट्यांचं. चाकापुढची माती काढा, पट्टी सरकवा, हळू बाहेर या. यात जोर टायरमधून जमिनीत जातो आणि बॉडीला काहीच सोसावं लागत नाही. ओढायची वेळ आलीच तर न ताणणारा पट्टा, सरळ रेषेत, पहिल्या गिअरमध्ये, हिसका न देता. आणि बाकीचे सगळे पट्ट्याच्या लांबीपेक्षा लांब उभे.

टायरवर या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम मोठं ठेवलं आहे. गाडीला दुसरं काहीही न लावता फक्त टायर आणि त्यातली हवा नीट केली, तर या पुस्तकातल्या बहुतेक वाटा ती गाडी करते. आपल्याकडे वरच्या मॉडेलला मोठी अलॉय व्हील मिळतात आणि दिसायला ती देखणी असतात, पण दगडाशी गाठ पडते तेव्हा कामाला येतो तो रिमच्या भोवतीचा रबराचा भाग. जुन्या डस्टरच्या 215/65 आर 16 टायरची बाजूची उंची सुमारे 140 मिलिमीटर आहे. 215/55 आर 18 ची जेमतेम 118. बाहेरून दोन्ही चाकं जवळजवळ सारखीच उंच, पण दुसऱ्यात दगड आणि रिम यांच्यामध्ये बोटभर रबर कमी. तुमच्या गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनी लहान रिम देत असेल आणि ते तुमच्या ब्रेकवरून बसत असेल, तर कच्च्या वाटेसाठी तो सेट घेणं हा माझ्या मते सगळ्यात शहाणा खर्च आहे. ऑल टेरेन टायर घेताना लोड इंडेक्स कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी नको. महामार्गावर आवाज थोडा वाढेल, ॲव्हरेज थोडं घटेल, ते स्वीकारावं लागतं. चारही चाकांना जोर जाणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. घेर वेगळा झाला की मागच्या चाकांना जोर देणारं कपलिंग सरळ रस्त्यावरही घासत राहतं आणि तापतं. स्टेपनी बघून ठेवा. बऱ्याच गाड्यांत ती बाकीच्या चाकांपेक्षा लहान असते, आणि हे पंक्चर झाल्यावर कळणं बरं नव्हे.

आणि हवा. रस्त्यावर 33 असेल तर मुरूम-दगडाच्या वाटेवर 24 पर्यंत आणावी. टायरचा जमिनीवरचा ठसा लांबीला वाढतो, दगडावर रबर थोडं दबून बसतं, आणि गाडीतल्या माणसांच्या कमरेलाही फरक लगेच जाणवतो. पण हवा कमी असताना ताशी 30 च्या वर जायचं नाही आणि स्टिअरिंग झटक्याने वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून उतरतो. यासाठी चांगला हवामापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कंप्रेसर लागतो. डांबर लागल्यावर हवा पूर्ववत भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही. ही शिस्त ज्याला पाळायची नाही, त्याने हवा कमी करूच नये.

टायरनंतर पोट. ग्राउंड क्लिअरन्सचा जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसं बसवा, डिकी भरा आणि सपाट फरशीवर स्वतः मोजा. सगळ्यात खालचा भाग कुठला ते बघा: सायलेन्सरचा जोड, मागचा आडवा बीम, की इंजिनखालचा चेंबर. गॅरेजमध्ये 'चेंबर लागला' हे वाक्य ऐकलं नाही असा मेकॅनिक सापडणार नाही. चेंबर फुटला की तेल जातं, आणि तेल गेल्यावर इंजिन फार वेळ तग धरत नाही. कंपनीने खाली दिलेलं काळं प्लास्टिक धूळ आणि पाणी अडवतं. दगड अडवणं हे त्याचं काम नाही. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याची स्किड प्लेट लावावी. पण इथेही तोच प्रश्न विचारा: दगडाचा मार त्या प्लेटमधून पुढे कुठे जाणार? प्लेट सबफ्रेमला बोल्टने बसलेली असेल तर ठीक. तळाच्या पातळ पत्र्याला भोकं पाडून बसवली असेल तर चेंबर वाचेल आणि गाडीचा तळ दुमडेल. तेल बदलायला भोक ठेवलंय का, गरम हवा बाहेर पडायला जागा आहे का, हे बसवण्याआधी विचारा.

गाडी उंच करून घेण्याबद्दल मला सतत विचारलं जातं, म्हणून इथेच लिहितो: सुरुवातीला नको. स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी इंच-दीड इंच उचलली की एक्सलचे सांधे वाकड्या कोनात फिरू लागतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात, अलाइनमेंट बिघडतं, आणि वळणावर गाडी जास्त झुकते. शॉकॉप तेवढाच राहिल्याने चाक खाली लोंबायला जागा उलट कमी उरते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आपणच कारण हातात देतो. पुढच्या लोखंडी बुल बारचंही तसंच. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. मोनोकॉक गाडीचं नाक धडकेत ठरलेल्या क्रमाने चुरगळावं आणि एअरबॅग वेळेवर उघडावी अशी रचना असते. पुढे लोखंड बांधलं की धक्का त्या क्रमाने जात नाही.

गाडीत आधीपासून काय आहे ते ओळखणं ही तयारीतली बिनखर्चाची गोष्ट. बहुतेक मोनोकॉक एसयूव्हींमध्ये जोर फक्त पुढच्या चाकांना जातो. चढावर वजन मागे सरकतं आणि नेमकी तीच चाकं हलकी होतात. म्हणून अशा गाडीने सुट्या खडीचा तीव्र चढ टाळावा. डस्टरच्या एका मॉडेलमध्ये, आणि आता ग्रँड विटारा, एक्सयूव्ही 700 यांच्या काही मॉडेलमध्ये, चारही चाकांना जोर देण्याची सोय आहे. चार चाकांची डस्टर 2014 मध्ये आली आणि 2020 मध्ये बीएस 6 आल्यावर तिचं डिझेल इंजिन बंद झालं. तिचं मला विशेष कौतुक वाटतं ते एका साध्या हुशारीसाठी. लो रेंज देणं परवडत नव्हतं, म्हणून पहिला गिअरच एवढा आखूड केला की हजार आरपीएमला गाडी ताशी सहा किलोमीटरच्या आसपास, चालत्या माणसाच्या वेगाने जाते. अर्धा क्लच न दाबता ती दगडांवरून चालू शकते. इतर गाड्यांत हे काम क्लच प्लेटला करावं लागतं, आणि जळक्या वासाने ती ते सांगते. वास आला की थांबा, इंजिन चालू ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. ड्युअल क्लचच्या ऑटोमॅटिकला चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर तोलून धरणं सगळ्यात वाईट; तिथे ब्रेक वापरा.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पावसाच्या पाण्याने वाटेत तिरपी घळ पाडली आहे. चारही चाकांना जोर जाणारी गाडी त्यात तिरकी उतरते आणि पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक जवळजवळ अधांतरी राहतात. या गाड्यांच्या स्प्रिंगला खाली उतरायला फार वाव नसतो, त्यामुळे हे लवकर घडतं. ॲक्सिलरेटर दिल्यावर हवेतली चाकं नुसती फिरतात. मग गाडीच्या पोटातून खरखर आवाज येतो. नवखा माणूस काहीतरी तुटलं असं समजून पाय काढतो. खरं तर ट्रॅक्शन कंट्रोल त्या मोकळ्या चाकांना ब्रेक लावत असतं, म्हणजे जोर जमिनीवरच्या चाकांकडे वळावा. त्याला दोन-तीन सेकंद हवे असतात. पाय न काढता, न वाढवता, तसाच धरून ठेवला तर गाडी हळूच पुढे सरकते. नाही सरकली तर पुन्हा पुन्हा रेटू नका. कपलिंग तापलं की ते स्वतःच जोर सोडून देतं आणि थंड होईपर्यंत गाडी दोन चाकांचीच राहते. आणि त्या अवस्थेत डिकी किंवा दार उघडू नका. बॉडीला पीळ बसलेला असतो, आणि उघडलेलं दार पुन्हा नीट बसेलच असं नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. इंजिन हवा कुठून ओढतं ते बॉनेट उघडून शोधून ठेवा. ओढा आधी काठी घेऊन पायी पार करा. पाणी गढूळ असेल, वाहतं असेल आणि तळ दिसत नसेल, तर दुसरा रस्ता घ्या. इंजिनात पाणी गेलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका.

वाट कोणाची, हाही तयारीचाच भाग आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत गाडी घालण्याबद्दल तर मला कळवळून सांगावंसं वाटतं. वेळास, आंजर्ले इथल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटं वाळूखाली असतं, वरून दिसत नाही, आणि चाकाखाली काय गेलं हे चालवणाऱ्याला कळतही नाही. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती जमिनीच्या पातळीवरच कोरलेली आहेत, गवतात आणि धुळीत झाकलेली असतात, आणि त्यांतली सगळी अजून सापडलेलीही नाहीत. सड्यावर माग सोडून गाडी घालू नका. बांध ओलांडायचा असेल तर शेतकऱ्याला विचारा. वाडीचं बेडं उघडून गेलात तर ते पुन्हा लावून जा, नाहीतर गुरं कोणाच्या तरी आंब्याच्या कलमांत शिरतील.

नवख्याने ऑक्टोबरनंतर जावं असं मी सुचवतो. चिखल वाळलेला असतो, ओढे उतरलेले असतात. पण जानेवारी उलटला की पठारावरचं गवत कडक वाळतं, आणि तेव्हा एक वेगळी काळजी घ्यावी लागते. आताच्या डिझेल गाड्या एक्झॉस्टमध्ये साठलेली काजळी मधूनमधून जाळून टाकतात, आणि त्या वेळी तिथलं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं. गुडघाभर वाळल्या गवतात गाडी उभी केली तर ते पेटायला वेळ लागत नाही. गाडी जाईल ती जाईल, पण त्या पठारावर गावाच्या गुरांची उन्हाळ्याची वैरण उभी असते. उघड्या कातळावर किंवा मुरमावरच थांबा. परत आल्यावर खाली वाकून सायलेन्सरभोवती अडकलेलं गवत हाताने काढा, पुढच्या जाळीतून रेडिएटरमध्ये घुसलेली कुसळं मऊ ब्रशने आणि हलक्या पाण्याने साफ करा, एक्सलचे रबरी बूट बोटाने चाचपून बघा, आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग पडलाय का ते तपासा. या तपासणीची पूर्ण यादी शेवटच्या प्रकरणात आहे. त्या पानाची झेरॉक्स काढून ती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी.